हस्ते सोनू

फणसटेंबला मी गेले ती आमंत्रणपत्रिका द्यायला. बाकी काहीही मनात नव्हतं. आमच्या बाजारगावातल्या जुन्या दवाखान्याला दीडशे वर्षं होत होती, त्याचा समारंभ ठरला होता, स्मरणिका निघायची होती. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो असा सगळ्यांचा एक गोड गैरसमज असतो. त्यामुळे सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, सात गावांच्या पत्रिका माझ्या पिशवीत येऊन पडल्या.

मी गोदा. चौतीस वर्षं आरोग्यसेविका होते. देवरूखच्या वरच्या अंगाला ज्या वाड्या आहेत, तिथे माझ्या हातून टोचून न घेतलेलं चाळिशीच्या आतलं माणूस शोधून दाखवा. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. म्हणजे मोठेपणा म्हणूनच सांगते, खोटं कशाला बोलू? लशीची निळी पेटी खांद्याला लावून मी ओहोळ ओलांडलेत, विंचू मारलेत, आणि एकदा तर गरोदर बाईला डोलीतून उतरवताना स्वतःच घसरून पाय मोडून घेतलाय. पेटीतला बर्फ मात्र कधी वितळू दिला नाही. अपवाद एकच दिवसाचा, आणि तो फणसटेंबचा.

त्या गावाला एक जुनी भीती आहे. पोरं नेणारी. ती रात्रीची येत नाही, टळटळीत दुपारी येते. एकटं पोर दिसलं की आधी दंडाला टोचते, मग हाताला धरून सडा ओलांडून घेऊन जाते, आणि नेलेलं पोर परत येत नाही. आता तुम्हीच सांगा, असल्या गावात सुई घेऊन जाणाऱ्या बाईचं स्वागत कसं होणार? मी शिवेवर दिसले की आया दारं लावून घ्यायच्या आणि पोरं फणसावर चढायची. करोनाच्या साली तर त्यांनी रस्त्यावर बांबूच आडवा टाकला. माझ्या पेटीत तान्ह्या मुलांच्या गोवराच्या लशी, आणि बांबूपलीकडे गावाचे मानकरी, गावकर महिपततात्या हात जोडून उभे. "बाय, राग मानू नको. पन शीव बंद हाय." दोन तास मी तिथे उभी होते. बर्फाचं पाणी झालं तेव्हा परत फिरले. त्या वर्षी निवृत्त होताना लोकांनी शाल दिली, नारळ दिला, भाषणं केली, आणि मी मनातल्या मनात तो बांबूच बघत होते.

तर श्रावणातला मंगळवार होता. एसटीनं मला फाट्यावर सोडलं, तिथून सड्यावरनं अर्ध्या तासाची चाल. पाऊस थांबला होता, पण धुकं असं उतरलं होतं की दुपारच्या बाराला तिन्हीसांजा झाल्यासारखं वाटत होतं. कातळ ओला, काळा. कडेला तेरडा फुललेला. इतका वेळ बेडूक ओरडत होते, ते शिवेचा दगड दिसायला लागला तसे एकाएकी गप्प झाले. मला माझ्याच चपलांचा आवाज मोठा वाटू लागला.

दगडापाशी एक बाई बसली होती.

पाठीवर इरलं. पानांचं, बांबूच्या कामट्यांचं. माझी आजी शेतात लावणीला घालायची तसलं. प्लास्टिकच्या रेनकोटांच्या काळात ते बघून मला आधी मौज वाटली. इरल्याखाली तिला चिकटून सहाएक वर्षांची पोरगी बसली होती. पोरीचा डावा दंड उघडा होता.

"गावात निघालाव?" बाईनं विचारलं. आवाज बसलेला होता, खूप वेळ कुणाशी न बोललेल्या माणसाचा.

"हो. तुम्ही कुठल्या?"

"शीव सोडलानी काय?"

मला प्रश्न कळला नाही. माझं लक्ष पोरीच्या दंडाकडे होतं. सवय जात नाही ना. दंडावर एक फोड होता, वाटाण्याएवढा, मोत्याच्या रंगाचा, मध्ये खळगा, भोवती लाल कडं. तसा फोड मी सगळ्या नोकरीत कधी पाहिला नव्हता. आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात मात्र त्याचं चित्र होतं. मी वाकून पोरीच्या कपाळाला हात लावला. चांगलीच तापली होती.

"ताप आहे हिला."

"आसायचाच. आज आठवा दिवस." बाईनं पोरीचा दंड दोन बोटांत अलगद धरून माझ्याकडे वळवला. "फोड बगा कसा उठलाय. उत्तम उठलाय."

तो सूर माझ्या ओळखीचा होता. बाळाचं वजन वाढलं की मी त्याच्या आईला ज्या सुरात सांगायचे, तोच. काम नीट झालेल्या माणसाचा.

"मग हिला इथं ओल्यात का बसवलंत? गावात चला की."

"बोलवल्याबिगर कशी येऊ...? माज्या नावानं बांधलेली हाय."

"काय बांधलंय?"

पोरगीच बोलली, अगदी हळू. "घराकडं..." एवढंच.

बाई डोक्यानं जरा कमी असावी, असं मी ठरवून टाकलं. "थांबा, मी गावातून कुणाला तरी पाठवते," म्हटलं आणि निघाले. वीसेक पावलं गेले असेन. मागं वळून पाहिलं तर दगडापाशी कुणी नव्हतं. मी परत गेले. त्या जागचं गवत उभंच्या उभं होतं, एक पातं वाकलेलं नव्हतं. ओल्या इरल्याचा कुबट वास तेवढा तिथे घुटमळत होता. आणि माझा उजवा तळवा, जो पोरीच्या कपाळाला लावला होता, तो गरम होता. संध्याकाळी घरी येऊन थंड पाण्यात धरला तरी गरमच होता.

महिपततात्यांच्या पडवीत मी चहा घेता घेता हे सगळं सांगितलं. हसतच सांगितलं. तात्या ब्याऐंशी वर्षांचे. त्यांनी बशी खाली ठेवली.

"इरलं व्हतं?"

"होतं."

"तुज्याकडनं काय मागून घेतलान?"

"माझ्याकडं काय आहे? पत्रिका?"

तात्या हसले नाहीत. आत जाऊन त्यांनी नातसुनेला, संस्कृतीला, बाळाला घेऊन माजघरात बसायला सांगितलं. बाहेर येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "पुडल्या मंगळवारी गाराणा हाय. दर सालाला आमी शिवंवर जातांव आन तिला भायर ठेवतांव. माज्या बापानं शिकवला, त्याला त्याच्या बापानं." मग डोळे मिटून ते पुटपुटले, "बा म्हाराजा, जी कोन पोरां नेनारी सोनी आसंल, तिची सावली शिवंच्या आत पडू देव नुको..."

"तिला नाव आहे?" मी विचारलं.

"सगल्याना आसता, बाय."

त्या गावात कोणाला घाबरतात हे मला चौतीस वर्षं माहीत होतं. तिला नाव आहे हे मात्र मला पहिल्यांदा कळलं.

स्मरणिकेचं काम विनीतकडे होतं. देवरूखच्या कॉलेजात इतिहास शिकवतो, मोडी वाचतो, आणि मी त्याला लहानपणी टोचलेलं असल्यामुळे मला जरा वचकून असतो. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेले ती गंमत सांगायला. म्हटलं, स्मरणिकेत एक भुताची गोष्ट घाल, लेख तरी वाचतील लोक. मी 'सोनी' म्हटलं आणि त्यानं मान वर केली.

"सोनी की सोनू?"

त्याच्या टेबलावर दवाखान्याची पहिली नोंदवही होती. देवी काढायला सुरुवात झाली त्या वर्षांची. लस टोचण्याला जुनी माणसं देवी काढणं म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या भागात पहिल्यांदा देवी काढल्या रावसाहेब दामोदरपंतांनी, असं शाळेच्या भिंतीपासून तालुक्याच्या माहितीपुस्तकापर्यंत सगळीकडे लिहिलेलं. समारंभात त्यांच्याच नावाची शिळा बसायची होती. वहीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर त्यांचं नाव होतंच. पण पानाच्या उजव्या कडेला, शिवणीत दबलेला एक अरुंद रकाना होता. 'हस्ते'. म्हणजे कोणाच्या हातून. जो तो डोक्यावरचं नाव वाचून वही मिटत आला. विनीतनं शिवण उसवून तो रकाना वाचला होता.

हस्ते सोनू. हस्ते सोनू. हस्ते सोनू. चार वर्षं, सड्यावरची सात गावं, सहाशेच्या वर मुलं, आणि एका ओळीतसुद्धा दुसरं नाव नव्हतं.

"कोण ही?"

"दवाखान्यात पाणी भरायची. एवढंच सापडलंय. रावसाहेब सडा चढलेच नाहीत, मावशी. त्यांनी तिला शिकवलं आणि वर पाठवलं."

पुढचं मला त्यानं सांगायची गरज नव्हती, ते मी शिकलेले होते. तेव्हा लस बाटलीत टिकत नसे. ती माणसाच्या अंगातच जिवंत ठेवावी लागे. एका पोराला टोचायचं, आठव्या दिवशी त्याच्या दंडावर फोड पिकला की त्याला घेऊन पुढच्या गावी जायचं, त्या फोडातली लस तिथल्या पोरांना द्यायची. मग त्यांच्यातलं एक पोर घेऊन त्याच्या पुढच्या गावी. एक दिवस चुकला तर फोड सुकला, साखळी तुटली, सगळं पुन्हा मुंबईपासून.

म्हणजे ती पोरं नेतच होती. हाताला धरून, सडा ओलांडून. ज्या पोराला नेलं त्याच्या ओळीच्या शेवटी दोन शब्द होते. 'नेला' आणि 'परत'. माझ्या बर्फाच्या पेटीचा मला एवढा अभिमान, आणि ह्या बाईची पेटी म्हणजे कुणाचं तरी जितंजागतं लेकरू. अन् ते तापलेलं लेकरू तिनं प्रत्येक वेळी त्याच्या आईच्या ओटीत परत आणून घातलं. माझा ऊर भरून आला, विनीतसमोर मी रडले. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

"एक सोडून," विनीत म्हणाला.

चौथ्या वर्षाची शेवटची ओळ. *भिकी, वय सहा, फणसटेंब. फोड उत्तम. हस्ते सोनू. नेली.* आणि 'परत'च्या जागी रावसाहेबांच्या अक्षरात बारीक टीप. *गावाने शीव बांधली आहे. बाईस व मुलीस आत घेत नाहीत असा निरोप आला. पाऊस फार. आज आठवा दिवस.*

त्यानंतर वही वर्षभर कोरी होती.

माझा तळवा आणखी गरम झाल्यासारखा वाटला. मी तो पदराखाली झाकून घेतला. विनीतला शिवेवरचं काही सांगितलं नाही.

समारंभ समितीच्या बैठकीत मी काय बोलले ते सगळं सांगत बसत नाही. अध्यक्ष म्हणाले, "गोदाताई, शिळा कोरून झाली आता." मी म्हटलं, "शिळेला दोन बाजू असतात." ते म्हणाले, "रावसाहेबांचं घराणं नाराज होईल." मी म्हटलं, "सोनूचं घराणं नाराज व्हायला मागं राहिलंच नाही, त्याचं काय?" विनीतनं वहीचं पान सगळ्यांपुढे ठेवलं. माझा मेला स्वभावच असा आहे की एकदा बोलायला लागले की समोरच्याला चहा गार करूनच प्यावा लागतो. शेवटी शिळा उलटी करून मागच्या अंगाला कोरायचं ठरलं. सड्यावरच्या सहाशे मुलांना देवी काढल्या. हस्ते सोनू. खाली काही विशेषण नको, असं मीच सांगितलं.

पण शिळा बाजारात बसणार होती आणि त्या दोघी शिवेवर बसल्या होत्या. माझ्या जिवाला घोर लागला तो त्याचा. येत्या मंगळवारी गाऱ्हाणं होणार, तिला पुन्हा बाहेर ठेवणार, आणि ती तापलेली पोरगी आणखी एक वर्ष ओल्यात बसणार. मला झोप येईना.

रविवारी पानाची प्रत घेऊन मी तात्यांकडे गेले. सगळं वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले आणि मग एकदम उसळले.

"म्हंजे आमच्या वाडवडलांनी पोर मारली, आसा म्हनतेस?"

"मी काही म्हणत नाही. वही म्हणते."

"त्या साली देवी आली व्हती, बाय! खालच्या गावांत पोरां मेली, घरां बसली. आमच्या गावात येक पोर गेला न्हाय. का? शीव बांधली म्हनून. दीडशे वर्सां आमी तेच सांगत आलांव."

"तात्या, तारीख बघा. शीव बांधली श्रावणात. तिनं गावातल्या बावीस पोरांना टोचलं आषाढात. पोरं कशानं वाचली?"

मी पानावर बोट ठेवलं.

"ही बावीस नावं आहेत. सातवं वाचते. धाकू, वय दोन. फोड उत्तम."

तात्यांचा हात आपोआप स्वतःच्या दंडावर गेला.

"धाकू माजा आजा," ते म्हणाले. "त्याच्या दंडावर येक टिकली व्हती. खोल, गोल. आमी पोरां तिच्यात बोट घालून बगायचो. म्हायेर कुटला हिचा, म्हनून इचारायचो त्याला. त्यो नुस्ता हसायचा..."

"त्या टिकलीचं माहेर म्हणजे सोनूचा हात, तात्या. तुमचा आजा जगला, तुमचा बाप झाला, तुम्ही झालात. आत संस्कृतीच्या मांडीवर बाळ आहे ते झालं. आणि तुम्ही दरवर्षी तिलाच..."

"पुरे," ते म्हणाले. त्यांनी मला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. जाताना मात्र सांगितलं, "भिकीच्या घराचा जोता हाय अजून. वरच्या आळीला. तिची आय मरंसतवर दारात बसलेली म्हनत."

मंगळवारी मी न बोलावता गेले. गाऱ्हाण्याला बायका येत नाहीत, पण चौतीस वर्षं ज्या गावानं मला दार लावलं त्या गावानं तेवढ्यासाठी मला अडवायला नको होतं, आणि कुणी अडवलंही नाही. तीसेक बापये शिवेच्या दगडासमोर, डोईवर टॉवेल, अनवाणी. मी मागे. पुन्हा तसंच धुकं. दुपारचे बारा वाजत होते.

तात्यांनी नारळ ठेवला आणि सुरुवात केली. "बा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"गावाच्या गुराढोरांची राखन कर म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"मुंबैक गेलेल्या चाकरमान्यांना सुखी ठेव म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आन जी कोन... पोरां नेनारी..." तात्या तिथेच थांबले. बेडूक थांबले होते. इतकी शांतता झाली की नारळावरून ओघळणारं पाणी ऐकू येत होतं. तात्यांनी मान वर केली आणि दगडापलीकडच्या धुक्याकडे बघत, गाऱ्हाण्याचा सूर सोडून, घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "सोनूबाय, आमचा चुकला. आमची पोरां तू वाचवलीस आन आमी तुलाच भायर ठेवली. पोरीला घेऊन आत ये. शीव मोकली हाय."

कुणी 'व्हय' म्हणेना. माणसं एकमेकांकडे बघू लागली. पिढ्यान्‌पिढ्यांचे शब्द मोडले होते, घाबरली बिचारी.

आणि मग आलं.

"व्हय म्हाराजा..."

बारीक आवाज. लहान मुलीचा. दगडाच्या पलीकडून.

पुढचा एक माणूस मटकन खाली बसला. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. तात्या मात्र हलले नाहीत. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते म्हणाले, "म्हना रे. म्हना!" मग सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं, सडा घुमला.

ओल्या इरल्याचा वास आमच्यामधून गेला. मी डोळे मिटून घेतले होते, खरं ते सांगते. मला भीती वाटत होती आणि मान ताठ होती, दोन्ही एकदम. माझ्या उजव्या हातात एक लहानसा हात आला. तापलेला. मी तो धरला. नर्सनं मुलाचा हात धरायचा असतो, सोडायचा नसतो. तो हात मला वरच्या आळीला घेऊन गेला, मी त्याला नाही. गवतात बुडालेल्या एका जोत्याच्या पायरीशी त्यानं माझी बोटं हळूच सोडली.

तिथे मी किती वेळ उभी होते कोण जाणे. तळवा गार पडला होता. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

मी घरी आले, पोटभर जेवले आणि गाढ झोपले. मनात म्हटलं, गोदे, निवृत्तीनंतर का होईना, एक काम मनासारखं झालं. समारंभात ती उलटी शिळा बसेल तेव्हा मी पहिल्या रांगेत बसणार आहे, नवं लुगडं नेसून. कुणी काही म्हणो.

इथंच थांबले असते तर गोष्ट बरी झाली असती.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, फणसटेंबला लसीकरण होतं. माझ्या जागी आता शमिका आहे. गुणी मुलगी. संध्याकाळी तिचा फोन आला, आवाजात नुसता आनंद.

"बाई, सगळी आली! सतरा बाळं! एकीनंही दार लावलं नाही. आणि बाई, एक पोर रडलं नाही हो. तुम्ही मदतीला पाठवलेल्या त्या बाईंचे आभार मानायचे राहिले. कुठं राहतात त्या?"

"कोण बाई?"

"अशा काय करता? त्याच हो. दंड काय सुरेख धरतात, दोन बोटांत. मी म्हटलं, तुमच्याच हाताखाली शिकलेल्या असणार."

मी पलंगावर बसले. "काही बोलल्या का त्या?"

"माझ्याशी नाही. महिपततात्यांच्या नातसुनेशी बोलल्या, संस्कृतीशी. तिच्या मुलीचा दंड बराच वेळ निरखत होत्या. म्हणाल्या, हिचा उत्तम उठेल. पुढच्या गावात पोरं खोळंबलीत, आठव्या दिवशी हिला न्यायला येते."

"मग?"

"मग काय? संस्कृतीला वाटलं, तपासणीला न्यायचं असेल. ती हो म्हणाली. न्या म्हणाली, पण परत आणून द्या हं."

"त्यावर काय म्हणाल्या त्या?"

शमिकाला आत्ता काहीतरी आठवत असावं.

"काही नाही म्हणाल्या, बाई. नुसत्या शिवेकडं बघत राहिल्या..."

त्या बुधवारपासून मी बोटांवर दिवस मोजतेय. संस्कृतीला मी अजून काही सांगितलेलं नाही. काय सांगू? दार लाव म्हणून सांगू? मी? ज्या बाईनं सहाशे पोरांना टोचलं, नेलेलं प्रत्येक पोर शिवेपर्यंत परत आणलं, तिला दिलेला शब्द मोड म्हणून सांगू?

सकाळच्या पहिल्या एसटीनं मी वर जाणार आहे. न्यायचंच असेल तर मी बरोबर जाईन. मघाशी संस्कृतीचा फोन येऊन गेला. म्हणाली, "मावशी, टोचलं होतं तिथं बाळाच्या दंडावर काहीतरी उठलंय. घाबरण्यासारखं नाही ना? मोत्यासारखं दिसतंय, मध्ये खळगा आहे."

आज सातवा दिवस आहे.